ओळखदार

जटपुरा दरवाज्याच्या सावलीत गुणवंतराव सायकलची उतरलेली चेन बसवत होते, तेव्हा कोणीतरी त्यांच्या कोपराला हात लावला आणि विचारलं, “ओळखलं का भाऊ?” वर न बघताच ते म्हणाले, “हो, काऊन नाई.” हे उत्तर त्यांच्या तोंडात कायम तयार असे. चांद्याच्या रजिस्ट्री कचेरीच्या आवारात सात वर्षं काढलेल्या माणसाला हा प्रश्न दिवसातून चार वेळा येई, आणि हो म्हटल्यानं कोणाचं काही बिघडत नसे. पण या माणसानं हात काढला नाही. “मंग सांगा बरं, मी कोन?” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, गंमत होती. गुणवंतरावांनी तेलानं काळे झालेले हात तसेच अधांतरी धरून वर पाहिलं. चाळिशीचा, रापलेला माणूस, डाव्या भुवईत पांढरा व्रण, काखेत छत्री, खांद्यावर पिशवी. हा चेहरा त्यांनी कधीही पाहिला नव्हता. “मुखरू,” तो म्हणाला, “सावरटोल्याचा. तुमी मले लहानपनापासून ओळखता म्हून कागदात लिवलं हाये. मी म्हटलं, जाऊन पाहावं तरी, कोन हाये हा मानूस.”

सावरटोला म्हटल्याबरोबर त्यांना सगळं एका दमात आठवलं. पोंभुर्ण्याच्या वाटेवरचं गाव, आठ एकर धानाच्या बांध्या, पूर्वेला नाला, पश्चिमेला पाटलाची पाण्याची बोडी, उत्तरेला जंगलखात्याची हद्द, दक्षिणेला होऊ घातलेला रस्ता. दस्त पंचावन्न सालच्या फाल्गुनातला, तेव्हा कागदाच्या माथ्यावर मध्यप्रदेश होता, आता मुंबई राज्य आहे. शाई जरा फिकी होती, दस्तलेखक सोमाजीनं दौतीत पाणी घातलं होतं. हे सगळं आठवलं, माणूस तेवढा आठवला नाही. त्या दिवशी कोणीतरी आलं होतं, कोणीतरी अंगठा दिला होता, आणि त्या कोणाच्या तरी जागी आता हा छत्रीवाला उभा होता आणि त्यांच्या उत्तराची वाट बघत होता. दरवाज्यातून एक बैलबंडी आत आली, दोघांना भिंतीला टेकून उभं राहावं लागलं, आणि तेवढ्या वेळात मुखरूनं आपली हकीगत सांगून टाकली. तीन वर्षं तो सिरोंच्याकडे सागवानाच्या तोडीवर होता. ठेकेदार आता कुठे आहे कोणाला ठाऊक नाही आणि मुखरूकडे हजेरीचा कागदही नव्हता. दिवाळीनंतर परत आला तर बांध्यांच्या चार कोपऱ्यांवर चुन्यानं रंगवलेले दगड. मोठा भाऊ इसरू आदल्या पावसाळ्यात काविळीनं गेलेला. दस्ताची नक्कल मुखरूची बायको आशाबाई हिनं वाचून दाखवली, ती रात्रीच्या वर्गात वाचायला शिकली होती. “तिनं तुमचं नाव वाचलं तवा मी हासलो,” मुखरू म्हणाला. “इसऱ्यानं माह्या नावानं अंगठा देल्ला हे मले समजलं. पन मले ओळखनारा हा कोन, हे काई समजेना.”

सोमवारी अकरा वाजता चौकशी होती. गुणवंतरावांचं समन घरी आरशामागे घडी करून ठेवलेलं होतं. जमीन घेणाऱ्या नागपूरच्या सेठचं म्हणणं साधं होतं: मुखरू स्वतः आला, स्वतः जमीन विकली, आता रस्त्याची बातमी ऐकून त्याची मती फिरली. मुखरूचं म्हणणं त्याहून साधं होतं: मी आलोच नाही. गावातले दहा जण येऊन हा मुखरू आहे असं सांगतील, पण त्या दुपारी कचेरीत कोण आलं होतं ते गावाला माहीत नव्हतं. ते चार माणसांनी पाहिलं. इसरू मेला. दुसरा साक्षीदार सेठचाच मुनीम, दस्त लिहिणारा सोमाजीही सेठच्याच बाजूचा. उरले गुणवंतराव. मुखरू त्यांना समजावल्यासारखं म्हणाला, “मी तुमाले खोटं बोलाले लावत नाई भाऊ. दोन रोज हायेत. मी तुमच्या घरी येतो. मले नीट पाहून घ्या, काय इचाराचं ते इचारा. मानूस एकदा पुरा ओळखीचा झाला, का त्या दिशी आलता तो मी नवतो हे तुमाले आपसूक दिसन.” त्याला हे अगदी सरळ वाटत होतं. त्यांनी घराचा पत्ता सांगितला. सांगून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की तो त्याला आधीच माहीत होता, कारण दस्तात ओळखदाराचा पत्ता लिहावाच लागतो.

दस्त लिहायला परवाना लागतो आणि गुणवंतरावांकडे तो नव्हता. सरकारनं मालगुजारांची जमीनदारी काढून घेतली तोपर्यंत ते एका मालगुजाराचे कारकून होते. बावीस वर्षं त्यांनी नकाशा काखेत मारून गावंच्या गावं पायी पालथी घातली होती. बांध कुठे मोडतो, नाल्यानं कोणत्या साली पात्र बदललं, कोणाच्या मोहाची फांदी कोणाच्या धुऱ्यावर येते, हे त्यांना डोळे मिटून सांगता येई. मालगुजार गेला, ज्ञान राहिलं. ते विकत घेणारा माणूस पहिल्याच वर्षी मोटारीतून आला. सेठला शेती करायची नव्हती. घेऊन ठेवायची होती. रस्ता होणार, रस्त्यामागून कारखाना येणार, मग पाचपट. त्याला कुठली जमीन रस्त्याच्या अंगाला आहे आणि कोण विकेल एवढंच हवं होतं, आणि ते सांगू शकणारा माणूस कचेरीबाहेरच्या निंबाखाली रिकामा बसला होता. गुणवंतरावांनी परवान्यासाठी अर्ज केला. तो नागपूरला गेला, राज्य बदललं, अर्ज कुठल्या गठ्ठ्यात राहिला ते कळलं नाही. दुसरा केला, त्यावर जागा भरल्या असा शेरा आला. तोवर रीत बसून गेली होती. जमीन गुणवंतरावांनी दाखवायची, विकणाऱ्याला निरोप गुणवंतरावांनी पाठवायचा, मसुदा त्यांनी सांगायचा, आणि खाली सही व शिक्का सोमाजीचा, कारण परवाना सोमाजीकडे. दलाल म्हणून नाव कुठेच येता कामा नये. पण सेठला त्यांचं नाव कागदावर हवं होतं, उद्या काही झालं तर हा माणूस हातात असावा म्हणून. कागदावर एकच जागा अशी होती की जिला परवाना लागत नाही. ती ओळखदाराची. विक्री करून देणार यांना मी लहानपणापासून जातीनं ओळखतो. तेवढं लिहायचं आणि सही करायची.

आणि मोबदल्याला मोबदला म्हणायचं नाही. दस्त झाला की सेठ एक नारळ देई, खाली रुमाल, रुमालात जे असेल ते. नारळ चांद्यात पिकत नाही, लांबून येतो, कार्यप्रसंगाला लोक विकत घेतात. गुणवंतरावांच्या घरी तो भाजीत पडू लागला. सुगंधाबाईंनी, त्यांच्या बायकोनं, पहिला देवापुढे ठेवला होता. दुसऱ्याला विचारलं, कायचा हाये. तिसऱ्यापासून विचारणं बंद केलं आणि खोवायला विळी आणली. असे अकरा दस्त झाले होते. अकरा माणसांना गुणवंतराव लहानपणापासून ओळखत होते, आणि त्यांतल्या कोणाचाही चेहरा त्यांना डोळ्यांपुढे आणता येत नव्हता. ही गोष्ट त्यांना जटपुऱ्यापासून कचेरीपर्यंत सायकल हातानं ढकलत जाताना पहिल्यांदा समजली. ते थांबले, एका दुकानाच्या पायरीला टेकले, आणि एकेक दस्त आठवून पाहू लागले. प्रत्येक वेळी चतुःसीमा आली, झाडं आली, विहिरी आल्या. सीमेच्या आत जिथे माणूस असायला हवा तिथे नकाशावर असते तशी कोरी जागा होती.

कचेरी शनिवारची लवकर सुटत होती. सोमाजी पेटी आवरत होता. तो पान लावता लावता बोलत असे, त्यामुळे त्याचं बोलणं नेहमी सल्ल्यासारखं वाटे. “भेटला म्हने तुमचा बालमित्र,” तो म्हणाला. गुणवंतरावांनी सायकल निंबाला टेकवली. “बरा दिसते मानूस. नमस्कार-चमत्कार करते. मलेच इचारत होता तुमचं घर, पानी चांगलं लागते का तिकडं म्हने.” त्यानं चुना पुसला. “सोमवारचं सोपं हाये गुणवंतराव. कागदात जे हाये तेच तोंडानं बोलाचं. ओळखता? ओळखतो. कधीपासून? लहानपनापासून. त्या दिवशी हेच होते? हेच होते. तीन उत्तरं. कागद खरा, तुमी खरे, साहेब बी घरी जेवाले मोकळे.” मग आवाज खाली आणून त्यानं सेठचा निरोप दिला. परवान्याचा नवा अर्ज तयार आहे, ज्या टेबलावर तो अडतो त्या टेबलाशी बोलणं झालं आहे, सोमवारनंतर पंधरा दिवसांत पितळी बिल्ला हातात. “आन दुसरं काई बोललेत,” सोमाजी म्हणाला, “तर एकाच दस्ताचं नाई राहात ते. अकराही उघडतीन. शिक्का माहा हाये त्याच्यावर. मले पोरीचं लगन काढाचं हाये.” हे मात्र तो पान न चघळता बोलला. गुणवंतरावांनी निंबाखालच्या आपल्या जागेकडे पाहिलं. सात वर्षांत तिथली माती बसून बसून खोलगट झाली होती. पावसाळ्यात त्यांच्या बैठकीच्या आकाराचं डबकं साचत असे.

घरी पोचले तर मुखरू पडवीत बसलेला. त्यानं पाय धुतले होते, छत्री खुंटीला लावली होती. सुगंधाबाईंनी त्याला चहा दिला होता. “बसा भाऊ,” तो घरच्यासारखं म्हणाला, आणि गुणवंतराव स्वतःच्या पडवीत पाहुण्यासारखे टेकले. मग तो सांगू लागला. कसलीही प्रस्तावना नाही. जन्माच्या साली बोडी फुटली, म्हणून आई त्याला बोड्या म्हणायची. भुवईवरचा व्रण इसरूनं मारलेल्या गोट्याचा. मारल्यावर इसरूच रडत बसला आणि यालाच त्याला गप्प करावं लागलं. सहाव्या वर्षी देवी आल्या, त्या पाठीवर आहेत, आणि त्यानं सदरा वर करून पाठ दाखवली. “पाहून ठेवा.” गुणवंतरावांनी पाहिली. एखाद्या माणसाची पाठ इतक्या जवळून त्यांनी बापाला शेवटची अंघोळ घालताना पाहिली होती, त्यानंतर नाही. पहिलं मूल आठ दिवसांचं होऊन गेलं, ते कोणत्या मोहाखाली पुरलं, हेही त्यानं सांगितलं. ते झाड उत्तरेच्या हद्दीवर होतं. गुणवंतरावांनी ते दस्तात लिहिलं होतं. मोह एक, उत्तर धुऱ्यावर, फळता. त्यांनी मान खाली घातली, आणि मुखरूला वाटलं, ऐकून वाईट वाटलं असेल, म्हणून तोच म्हणाला, “जाऊ द्या. लई वर्सं झाले.”

जेवताना त्यानं पहिला घास घेतला आणि विचारलं, “बाई, भाजीत खोबरं घालता? आमच्याकडं लगनालेच दिसते.” सुगंधाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. “असते घरी,” एवढंच त्या म्हणाल्या. मुखरू चवीनं जेवला. त्याच्याच आठ एकरांचा नारळ तीन वर्षांपूर्वी याच घरात खोवला गेला होता, आणि गुणवंतरावांनी भाजी ताटाच्या कडेला सारली.

रविवारी तो पुन्हा सकाळी हजर. दुपारपर्यंत त्याचं सांगून संपलं, तेव्हा गुणवंतरावांना जाणवलं की त्याच्या बोलण्याआड आपल्याला दस्ताच्या दिवसाची दुपार ऐकू येते आहे. फाल्गुनातलं ऊन होतं. निंबाखाली एक माणूस उकिडवा बसला होता, डोक्याला पंचा. ओळखदाराचं काम इमानानं करायचं म्हणून गुणवंतरावांनी स्वतःची एक परीक्षा बसवली होती आणि तिचा त्यांना अभिमान होता. बापाचं नाव. पूर्वेच्या शेजाऱ्याचं नाव. बैलांची नावं. पहिली दोन कोणी पढवून पाठवेल, पण बैलांची नावं पढवायचं कोणाच्या डोक्यात येत नाही. त्या माणसानं बापाचं नाव सांगितलं. पूर्वेला नाला, पलीकडे पत्रूची बांधी. “आन बैल?” “एक कोसऱ्या, एक मोऱ्या,” तो म्हणाला, आणि मोऱ्या म्हणताना त्याचा आवाज मऊ झाला. बैलाचं नाव असं घेणारा माणूस खोटा नसतो, असं गुणवंतरावांनी तेव्हा मनात म्हटलं होतं. दोन भाऊ, एक बाप, एक नाला, एकच बैलजोडी. जमीन ओळखणाऱ्या माणसानं जमिनीबद्दल विचारलं आणि जमिनीनं बरोबर उत्तर दिलं. त्यानंतर त्यांनीच त्याचा अंगठा धरून कागदावर दाबला. तो हात थरथरत होता, म्हणून जरा जास्तच दाबला. ठसा उठला तो रेषांचा नव्हता, नुसता काळा डाग. आता त्या डागावरून कोणी काहीही सिद्ध करू शकणार नव्हतं. हात का थरथरतो, असं त्यांनी तेव्हा विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर कदाचित त्यानं सांगितलंही असतं. गोटा मारून स्वतःच रडत बसणारा माणूस तो. पण थरथरणारा हात ही गुणवंतरावांना त्या दिवशी दस्तातली अडचण वाटली होती, आणि अडचण त्यांनी दाबून मिटवली होती.

“बैलांची नावं काय होती तुमच्या?” त्यांनी अचानक विचारलं. मुखरूचा चेहरा खुलला. दोन दिवसांत त्यांनी विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता. “कोसऱ्या न् मोऱ्या. मोऱ्या इसऱ्याचा लाडका. तो मेला तवा इसरू दोन रोज जेवला नाई.” मग जरा थांबून म्हणाला, “त्यानं जमीन काऊन इकली, मले समजत नाई भाऊ. माहा वाटा मांगाले लाजला असन. मी येत नाई, मेलो, असं बी वाटलं असन त्याले.” भावाला चोर म्हणायला त्याला शब्द सापडत नव्हता आणि तो शोधतही नव्हता.

तो गेल्यावर सुगंधाबाई निवडायला तांदूळ घेऊन पडवीत बसल्या. “काय म्हननार उद्या?” गुणवंतराव म्हणाले, “पाहू.” सुगंधाबाईंनी दोन खडे वेचले. “चोवीस वर्सं झाले आपल्या लगनाले. माह्या बापाचं नाव सांगा बरं.” ते हसले. आणि हसता हसता त्यांना सासऱ्याचं वावर दिसलं, चिमूरच्या वाटेला, पश्चिमेकडून ओढा, बांधावर दोन बोरी, एक विहीर बुजलेली. नाव यायला वेळ लागला. आलं, पण तोवर सुगंधाबाईंनी सूप झटकलं होतं. “बिल्ला भेटला तर बरं होईन,” त्या उठताना म्हणाल्या, “मले कोनी इचारलं का मालक काय करते, तं सांगाले काईतरी होईन.” हे टोचून बोलल्या की खरंच, ते त्यांना ठरवता आलं नाही. चोवीस वर्षांत हेही ठरवता येऊ नये, याची त्यांना आता भीती वाटली. खोली तीच होती, पण भिंती जरा आत सरकल्यासारख्या वाटत होत्या. हो म्हटलं तर बिल्ला, निंबाखालची जागा, सुगंधाबाईंना सांगायला एक शब्द, आणि अकरा कोऱ्या जागा जन्मभर जवळ. नाही म्हटलं तर तुरुंग, आणि सोमाजीच्या पोरीचं मोडलेलं लग्न. ओळखत नाही असं म्हणायची तिसरी वाट त्यांनी शनिवारी सायकल ढकलताना मनात धरली होती. तीच आता उरली नव्हती. त्यांना मुखरूच्या पाठीवरचे वण मोजता आले असते.

सोमवारी कचेरीच्या व्हरांड्यात सेठचा मुनीम, वकील आणि सोमाजी एका बाकावर होते. दुसऱ्या बाकावर मुखरू एकटा, छत्री गुडघ्यांमध्ये उभी. त्यानं गुणवंतरावांना बघून बाजूला सरकून जागा केली. ते बसले नाहीत, पण त्या बाकाजवळच उभे राहिले. पुकारा झाला. साहेब तरुण होते, राज्य बदलल्यावर मुंबईकडून आलेले, उन्हानं बेजार. शेजारी बाबू लिहायला बसला होता. दस्त समोर उघडा होता, आणि गुणवंतरावांना आधी आपली सही दिसली, मग तिच्या वरचा काळा डाग.

“विक्री करून देणार म्हणून लिहिलेले मुखरू, हे समोर उभे आहेत ते का?”

“हो.”

“तुम्ही यांना ओळखता?”

वकिलानं सोमाजीकडे पाहिलं. सोमाजीनं पान तोंडात एका बाजूला धरलं होतं.

“ओळखतो,” गुणवंतराव म्हणाले. “डाव्या भुवईवरचा व्रण भावानं मारलेल्या गोट्याचा आहे. पाठीवर देवीचे वण आहेत. उत्तर धुऱ्यावरच्या मोहाखाली यांचं पहिलं मूल आहे.”

साहेबांनी मान वर केली. मुनीम समाधानानं पाठीमागे टेकला. इतकी पक्की साक्ष त्यानं मागितलीही नव्हती. मुखरू त्यांच्याकडे एकटक बघत होता, परीक्षेत पोराचं बरोबर येतं आहे असं बघणाऱ्या बापासारखा.

“म्हणजे चांगलेच ओळखता,” साहेब म्हणाले, आणि दस्तावर बोट ठेवून पुढचा प्रश्न त्यांनी जवळजवळ वाचूनच विचारला, कारण उत्तर तिथे आधीच लिहिलेलं होतं. “कधीपासून?”

गुणवंतरावांनी खिडकीबाहेर निंबाखालच्या खोलगट जागेकडे पाहिलं.

“शनिवारपासून,” ते म्हणाले.

बाबूची लेखणी थांबली. त्यानं आधी साहेबांकडे पाहिलं, मग यांच्याकडे. “काय लिहू?”

“शनिवार लिहा,” गुणवंतराव म्हणाले. “परवाचा.”